शेवटचं वाक्य आधी

दहावीच्या गणितात मी मार्चला नापास झाले, तेव्हा आमच्या घरात कुणी रडलं नाही. बा एवढंच म्हणाला, "आक्टोबरला बस परत. नाय सुटली, तर निकाल लागला की पैठणच्या अंगाला नेऊन सोडतो. चुलत्याची मेंढरं तिथंच असतील." हे बोलताना तो बिल्डिंगच्या गेटला साखळी घालत होता. साखळी घातली, कुलूप ओढून पाहिलं आणि विषय संपला.

आमचं घर त्याच गेटाच्या आत होतं. उस्मानपुऱ्यात एक इमारत बांधून होत आली होती. खालच्या मजल्यांवर लोक राहायला आले होते आणि वर अजून सळया उघड्या होत्या. बा तिथला वॉचमन. पार्किंगच्या कोपऱ्यात विटा रचून, वर पत्रा टाकून आम्हाला खोली करून दिली होती. गावाकडं वर्षापाठोपाठ वर्ष पाऊस रुसला, चारा संपला, तेव्हा बानं काही मेंढरं विकली, उरलेली चुलत्याच्या कळपात घातली आणि आम्हाला घेऊन शहरात आला. आधी मुकुंदवाडीला स्टेशनाजवळ राहिलो, मग इथं. शहराचं एक नवलच होतं. प्यायला पाणी नाही, आणि जिकडं पाहावं तिकडं स्लॅब पडतायत.

मेंढरांमागं जायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. लहानपणी दोन हिवाळे मी चुलत्याबरोबर काढले होते. चुलतीची पोरं काखेत, कोकरं पाटीत, आणि आज इथं तर उद्या कुठं याचा पत्ता नाही. लोकांना ते चित्र फार गोड वाटतं. त्यांनी एकदा गारपिटीत उघड्यावर घोंगडीखाली बसून पाहावं. मला परत जायचं नव्हतं. मला अकरावीला जायचं होतं, आणि मध्ये फक्त गणित आडवं पडलं होतं.

तेही सगळं गणित नव्हे. आकडे मांडून दिले की मी करायची. समीकरण द्या, अवयव पाडायला सांगा, माझी ना नव्हती. पण उदाहरणात माणसं आली, गाड्या आल्या, पाणी आलं, की माझं डोकं भलतीकडंच चालायला लागायचं. मुकुंदवाडीच्या शाळेत एकदा दोन गाड्यांचं उदाहरण आलं. समोरासमोरून येतायत, वेग अमुक आणि तमुक, एकमेकींना किती वेळात भेटतील? मी वहीत लिहिलं, 'भेटणार नाहीत, एक गाडी आधीच्या स्टेशनात थांबवून ठेवतील.' आमच्याकडं रूळ एकच होता. समोरून गाडी येणार असली की अलीकडची गाडी उभी करून ठेवत, आणि डब्यातले लोक खाली उतरून विड्या ओढत बसत. दोन्ही गाड्या एकाच रुळावर समोरासमोर सोडणारा तो गणितवाला मला खुनीच वाटला. सरांनी माझं उत्तर वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. हसणाऱ्यांतली निम्मी पोरं स्टेशनाला लागूनच राहत होती, याचा मला जास्त राग आला.

मार्चच्या पेपरात असंच झालं. शाब्दिक उदाहरणं पाहिली आणि पोटात कळ आली. ती कळ मग मुक्कामालाच आली. पुस्तकात 'समजा' हा शब्द दिसला तरी पोट आवळायचं.

पहिल्या मजल्यावर एक काका राहायचे. या इमारतीत राहायला आलेले पहिले तेच. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. मुलगा पुण्यात, बायको वारलेली. त्यांचे आजोबा भिक्षुकी करायचे, वडील कारकून, ते कारकून. दोन पिढ्यांचा कागदाशी संसार, असं ते स्वतःच म्हणत. माणूस तापट आणि घाबरट, दोन्ही एकदम. पाण्याच्या दिवशी सकाळपासून जिन्यात येरझाऱ्या घालायचे आणि दर थोड्या वेळानं मला वरून विचारायचे, "आलं का गं?" नळाला पाणी येईल तेव्हा मोटर लावायची, टाकी भरत आली की बंद करायची, हे काम बानं माझ्याकडं दिलं होतं. आधी पाइपातून हवा फुसफुसते, मग खाकरल्यासारखा आवाज येतो, मग पाणी. मी कान लावून बसायची.

असंच एकदा बसले असताना मी गाईड उघडलं आणि थोड्या वेळानं मोठ्यानं शिव्या द्यायला लागले.

"कोणाला देतेस?" काका कठड्यावरून वाकले.

"या गवळ्याला."

"कुठला गवळी?"

"गणितातला. दुधात पाणी घालतोय आन् मलाच इचारतोय किती घातलं म्हणून. टँकरचं पाणी दुधात घालतोय मेला!"

काका खाली उतरले. गाईड हातात घेतलं, चष्मा वर-खाली केला, उदाहरण वाचलं आणि माझ्याकडं पाहिलं. "नापास झालीस ती यातच का?"

"व्हय."

"पाणी भरून झालं की मोटर बंद करून वर ये. पेन्सिल आण. आणि हे बघ, पाणी आलं की पहिली हाक मला मारायची, तिसऱ्या मजल्याला नाही. एवढी फी."

फी मला परवडण्यासारखी होती. त्या दिवसापासून दुपारी मी त्यांच्याकडं जायला लागले.

त्यांची शिकवण्याची रीत कुठल्या शाळेतली नव्हती, कचेरीतली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी उदाहरणावर हात ठेवला आणि फक्त शेवटची ओळ उघडी सोडली. "लोक अर्ज कसा लिहितात, पाहिलायस? आधी सगळं रामायण. महाशय, वडील वारले, विहीर आटली, बैल मेला, घरात खाणारी तोंडं इतकी. पानभर झाल्यावर शेवटी एक ओळ, तरी अमुक मिळावे ही विनंती. आम्ही ती ओळ आधी वाचायचो. मागणी काय? मागणी कळली की मग वर जायचं. मागणीशी ज्याचा संबंध, तेवढं ठेवायचं. बाकीचं खोडायचं. गणित म्हणजे अर्जच आहे. अर्जदाराला काय पाहिजे ते आधी बघ."

"म्हंजी वरचं वाचतच नव्हते तुमी?"

"वाचत बसलो असतो तर संध्याकाळपर्यंत चार अर्जही झाले नसते."

"आमच्या गावानं चारा छावणीसाठी अर्ज केलता."

काका थोडा वेळ पेन्सिलीला टोक करत राहिले. मग म्हणाले, "तोही असाच वाचला असेल कुणीतरी. चल, पुढचं घे."

मला ते आवडलं नाही. पण आवडायला मी तिथं गेलेच नव्हते. मला सुटायचं होतं. मी पेन्सिल घेतली आणि गवळी खोडला. दूध आणि पाणी तेवढं राहिलं, आणि खरंच सांगते, उदाहरण सुटलं. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी पोटभर जेवले.

भांडण झालं ते नळांवरून. टाकीला दोन नळ. एकानं टाकी सहा तासांत भरते, दुसऱ्यानं तीन. दोन्ही एकदम सोडले तर किती वेळात भरेल?

"तीन," मी म्हणाले.

"कसे?"

"पाइप एकच हाय ना काका. दुसरा सोडला की पहिल्याचा जोर जातो. आपल्याइथं बी खालचा सोडला की वरचा बंद पडतो. मोठ्यानं भरंल तेवढंच."

"अगं, गणितात दोन्ही पूर्ण जोरानं चालतात!"

"कुठल्या गावात?"

काकांनी पेन्सिल आपटली. "परीक्षकाच्या गावात! तिथं पाणी चोवीस तास येतं, दोन्ही नळांना सारखं येतं, आणि कुणी शेजारी मोटर लावून ओढत नाही. तुला त्या गावात तीन तास जाऊन राहायचंय. पेपर संपला की ये परत. दोन तास, उत्तर दोन तास आहे."

मी घुश्शातच दोन लिहिलं. पण ते 'परीक्षकाचं गाव' माझ्या कामाला आलं. त्या गावात मजूर कधी आजारी पडत नाहीत. दुप्पट मजूर लावले की भिंत निम्म्या दिवसांत होते, सिमेंट ओलं असलं तरी. गाड्या एकमेकींच्या अंगावर धावतात आणि कुणाला काही होत नाही. एकदा मान्य केलं की पुढं सोपं होतं. उदाहरण वाचायचं, शेवटाकडून सुरू करायचं, पेन्सिलीनं सपासप खोडत वर जायचं. माझा हात बसला. काकाही खूश होऊन म्हणायचे, "कचेरीत असतीस तर माझी खुर्ची घेतली असतीस."

पोटातली कळ मात्र जात नव्हती. ती गणिताची नव्हतीच, ती पैठणच्या वाटेची होती. दसऱ्याला चुलता आला. शहराच्या कडेनं मेंढरं जात होती, ती पोरांवर सोडून तो तेवढ्यापुरता येऊन गेला. गेटाशी बा आणि तो उकिडवे बसून बराच वेळ बोलले. मी लांबून पाहत होते. चुलत्यानं माझ्याकडं बोट केलं आणि काहीतरी विचारलं. बानं मान हलवली. तेवढं मी पाहिलं आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले. ठरलं, असं मला वाटलं. मायला विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं आणि ती 'व्हय' म्हणाली असती, तर पेपर द्यायला माझ्यात काही उरलं नसतं.

त्यानंतर मी अभ्यास केला तो भ्यालेल्या जनावरासारखा. काकांकडचे सगळे जुने पेपर संपवले. औरंगपुऱ्यात जाऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणखी आणले. रस्त्यात कुठं मेंढराचा आवाज आला तर दचकायची. झोपेत मी काहीतरी खोडत असते, असं माय म्हणायची.

पेपरच्या दिवशी केंद्रावर पंखा नव्हता आणि ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून थेट बाकावर येत होतं. प्रश्नपत्रिका हातात आली. मी आकड्यांचे प्रश्न आधी उरकले आणि शाब्दिक उदाहरणांकडं आले. कळ आली. मी काकांचा आवाज आठवला, मागणी काय? शेवटची ओळ वाचली. पेन्सिल काढली आणि वर खोडत गेले. खोडताना इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. एकेक ओळ आडवी होत होती आणि माझा जीव हलका होत होता. टाकीचं उदाहरण आलं तेव्हा तर मी मनात हसले. आपल्या घरचाच पाहुणा! एक नळ भरणारा, एक रिकामी करणारा. दोन्ही सोडल्यास टाकी किती वेळात भरेल? मांडलं, सोडवलं, उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. घंटा व्हायच्या आत माझा पेपर झाला होता.

काका जिन्यातच उभे होते. "आण," म्हणाले आणि प्रश्नपत्रिका ओढूनच घेतली. मी कडेला टिपून आणलेल्या उत्तरांवरून पायरीवर बसून एकेक उदाहरण तपासायला लागले. मी त्यांच्या तोंडाकडं पाहत होते. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. मग त्यांचं बोट थांबलं.

"हे का खोडलंस?"

मी वाकून पाहिलं. पेन्सिलीच्या रेघेखाली छापलेलं होतं, 'टाकी निम्मी भरलेली आहे.'

"मला ते रामायण वाटलं," मी म्हणाले.

"रामायण? अगं, निम्मी भरलेली टाकी! तू खोडलीस? तू?"

तू, असं ते दोनदा का म्हणाले ते मला लगेच कळलं. रोज सकाळी शिडीवर चढून टाकीत डोकावणारी मी. 'किती हाय गं?' हा बाचा दिवसातला पहिला प्रश्न, आणि मी 'निम्मी' म्हटलं की सगळ्या इमारतीचा जीव भांड्यात पडायचा. माझ्या आयुष्यात त्याहून खरा शब्द नव्हता, आणि मी तो एका फटक्यात आडवा केला होता. परीक्षकाच्या गावात टाकी रिकामीच असते, असं मी धरून चालले होते. उत्तर नेमकं दुप्पट आलं होतं.

पुढच्या एका उदाहरणातही असंच कामाचं वाक्य खोडलेलं निघालं. काकांनी चष्मा काढला. मी वाट पाहत होते की आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. "काठावर आहेस," एवढं म्हणाले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि जिना चढता चढता, पाठ माझ्याकडं असताना म्हणाले, "काय ठेवायचं ते मी नीट शिकवलंच नाही. खोडायचं तेवढं शिकवलं."

निकाल लागेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मला आठवत नाही, आणि आठवत नाही तेच बरं. दिवाळी झाली. काका रोज मनातल्या मनात माझे गुण मोजायचे आणि जिन्यात भेटले की म्हणायचे, "एखादा परीक्षक दयाळू असतो." मला दयेची आशा नव्हती. चुलत्याच्या पोरांचे चेहरे डोळ्यांपुढं यायचे आणि त्यांचा विनाकारण राग यायचा.

निकाल पाहायला काका माझ्याबरोबर नेट कॅफेत आले. रिक्षात ते माझ्यापेक्षा जास्त घामाघूम झाले होते. कॅफेवाल्यानं नंबर टाकला, पान उघडलं. गणिताच्या ओळीत नापास होतं. थोडक्यात हुकले होते. टाकीचं तेवढं एक बरोबर आलं असतं, तर सुटले असते. काका म्हणाले, "थांब, नंबर चुकला असेल," आणि पुन्हा टाकायला लावला. तेच पान पुन्हा आलं.

घरी येऊन मी पिशवी भरायला घेतली. दोन ड्रेस, मायची जुनी शाल, कंगवा. एक सांगते, पोट दुखत नव्हतं. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. माय भांडी घासून आली, पिशवीकडं पाहिलं आणि पदरानं तोंड पुसत उभी राहिली. तेवढ्यात बा आला.

"कुठं निघाली?"

"पैठणला."

"कशाला?"

मला वाटलं तो चेष्टा करतोय. "नापास झाले बा. तूच म्हणलता ना?"

बा दारातच बसला. डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. "मार्चला बस परत," तो म्हणाला. "चुलत्याला मी दसऱ्यालाच सांगितलंय. पोरगी येणार नाय म्हणून. त्यानं इचारलं, कवा पाठवतो. मी म्हणलं, नाय पाठवत."

ती मान. ती मान त्यानं नकाराला हलवली होती, आणि मी ती होकाराची धरून सगळा पेपर लिहिला होता. मी मायकडं पाहिलं. ती खाली पाहत होती. म्हणजे तिलाही माहीत होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या अंगाची आग आग झाली. "मग मला का नाय सांगितलं? किती भ्याले मी, माहीत हाय तुला? पेपरात मला काय दिसतच नव्हतं, नुसती तुझी मेंढरं दिसत होती!"

"सांगितलं असतं तर शिकली असती का तू?" बा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरोखरच विचारत होता. "हाकलल्याबिगर पाय उचलत न्हाईत. मला वाटलं, भ्याली म्हंजी पळंल."

"मी मेंढरू हाय का बा?"

असं मी त्याच्याशी आधी कधी बोलले नव्हते. माय पुढं झाली, मला गप करायला. बानं हातानंच तिला थांबवलं. तो मुंडाशाचा पदर बोटांत धरून बसला होता, आणि त्याच्याकडं पाहताना मला पहिल्यांदा दिसलं की तोही माझ्याइतकाच भ्यालेला आहे.

"नाय," तो म्हणाला. "पण मला दुसरं कायच येत नाय गं पोरी. आयुष्यभर तेवढंच केलंय."

मी रागातच होते आणि राग लगेच गेलाही नाही. पुढं मार्चात मी गणितात सुटले, अकरावीला गेले, तरी बरेच दिवस मी बाशी तुटकच बोलायची. पण त्या दिवशी मी पिशवीतले कपडे काढून परत दोरीवर टाकले. बा उठला, मार्चचा फॉर्म कुठं मिळतो ते विचारलं, आणि मी सांगितलं.